खात्री करायला गेला होतात का?

“वहिनी, बँकॉकला खात्री करायला गेला होतात का?” भिशीत, लग्नाच्या पंगतीत, आमच्याच दुकानाच्या काउंटरपुढे उभं राहून मला हे विचारलं गेलंय. कोणी आवाज खाली आणून विचारतं, कोणी हसत. आमच्या ह्यांचं कराडात पाइपांचं आणि रंगांचं दुकान. टार्गेट पूर्ण केलेल्या डीलरांना कंपनीने बँकॉक-पटायाला नेलं त्यात हेही होते. पुढे काही वर्षांनी आम्ही दोघंच बँकॉकला जाऊन आलो आणि हा प्रश्न माझ्यामागे लागला. डीलर टूरमध्ये काय काय असतं हे विचारणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तेव्हा ते सांगत बसत नाही.

तर, हो. त्यासाठीही गेले होते. नुसती त्यासाठी गेले नव्हते. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र ऐकून घ्यायच्या असतील तर पुढे वाचा.

टूरवर ह्यांनी बँकॉकमधलं एकच देऊळ पाहिलं होतं, वाट त्राइमितचा (तिकडे ‘वाट’ म्हणजे देऊळ) सोन्याचा बुद्ध. साडेपाच टन वजनाची मूर्ती. गिलाव्याखाली पिढ्यानपिढ्या झाकलेली होती आणि १९५५ साली हलवताना गिलावा फुटला तेव्हा आतलं सोनं दिसलं. ही गोष्ट हे घरी आल्यावर सगळ्यांना सांगायचे. बाकीच्या चार दिवसांबद्दल काही सांगायचे नाहीत. मीही विचारत नव्हते. विश्वास असला की विचारावं लागत नाही, असं मी तेव्हा मानायची. अजूनही ते वाक्य मला पूर्ण खोटं वाटत नाही. पण न विचारण्यात विश्वास किती होता आणि उत्तराची भीती किती होती, हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नसतं.

मे महिना होता, शनिवार होता. शनिवार मुद्दाम सांगते, कारण ह्यांचा मारुतीचा वार. तेल वाहिल्याशिवाय दुकान उघडत नाहीत, त्या दिवशी मांस-मद्य नाही. सकाळी आम्ही राजवाड्यात गेलो. १७८२ मध्ये ‘पहिला राम’ म्हणवणाऱ्या त्यांच्या राजाने राजधानी नदीच्या ह्या काठावर आणली तेव्हापासूनची ही जागा. पाचूचा बुद्ध म्हणतात ती मूर्ती जेमतेम दोन फुटांची, हिरव्या दगडाची, आणि उन्हाळा, पावसाळा, हिवाळा ह्या तीन ऋतूंना तिचे कपडे स्वतः राजा बदलतो. आपल्याकडे विठोबाला चंदनाची उटी लावतात तेव्हा जो जिव्हाळा वाटतो, तोच मला तिथे वाटला. मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले.

पण ह्यांचे पाय अडकले ते बाहेरच्या ओवरीत. तिथे भिंतभर रामकियेन रंगवलंय, म्हणजे त्यांचं रामायण, एकशे अठ्ठ्याहत्तर चित्रं. त्यांचा हनुमान पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी मुळीच नाही. सेतू बांधताना दगड पळवणारी रावणाची मुलगी, सोनेरी मत्स्यकन्या, तिच्यावर तो भाळतो आणि तिच्यापासून त्याला मुलगा होतो. मी हे निघण्याआधी वाचून ठेवलं होतं. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “काहीतरीच. मारुतीबद्दल असं बोलू नये.” मी म्हटलं, “मी नाही बोलत. दीड कोसाच्या भिंतीवर राजानेच काढून ठेवलंय.” दीड कोस नसेल, पण त्या उन्हात तेवढी वाटत होती. हे गप्प झाले. देवालाही मोह होऊ शकतो आणि तरी लोक त्याच्या पाया पडतात, हे त्यांना झेपलं नाही. मला मात्र ते सांगताना सुटल्यासारखं वाटलं, का ते विचारू नका.

मग वाट फो. शेहेचाळीस मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावात एकशे आठ शुभचिन्हं, आणि मागच्या भिंतीशी तितकीच कांस्याची भांडी. प्रत्येकात एक एक नाणं टाकत पुढे जायचं. तिथून होडीने नदीपार वाट अरुणला. तिथल्या एका दारावर दहा तोंडांचा हिरवा रावण राखणीला उभा आहे. ह्यांनी त्याचाही फोटो काढला. दिवसाचं एवढं पुरे, कारण दिवसाबद्दल मला कोणी विचारत नाही.

रात्रीबद्दल विचारतात. सिलोम स्टेशनला उतरलं की पटपाँग चालत पाच मिनिटांवर. मधल्या रस्त्यावर पर्सा, घड्याळं, टीशर्टांचे स्टॉल, आणि दोन्ही बाजूंना बार, दारं सताड उघडी. एका माणसाने ह्यांच्यापुढे लॅमिनेट केलेलं कार्ड धरलं. ते मी घेतलं, वाचलं आणि परत दिलं. मग ह्यांना म्हटलं, “कुठल्या दारातून आत गेला होतात ते दाखवा.”

“अगं, चल. उशीर झालाय.”

“दाखवा.”

त्यांनी दाखवलं. तेच होतं की नव्हतं, मला कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, “मग चला.”

आत एसीचा गारठा, कान बसतील असा आवाज, मधोमध ओटा. त्यावर वीसेक मुली होत्या. त्या नाचत होत्या असं म्हणणं जडच आहे, ह्या पायावरचा भार त्या पायावर घेत होत्या. प्रत्येकीच्या कमरेला नंबराचा बिल्ला, एसटी स्टँडवर हमालाच्या दंडावर असतो तसा. एकजण एका पायाची टाच दुसऱ्या पोटरीवर घासत होती. दिवसभर दुकानात उभं राहिल्यावर मीही तसंच करते. आम्ही दोन कोक मागवले. हे ग्लासाकडे बघत होते. मी मुलींकडे बघत होते, कारण आपण इथे आलोय तर निदान त्यांच्याकडे नीट बघावं असं मला वाटलं.

तेवढ्यात पाच-सहा पुरुष आत आले. मोठ्याने बोलत होते, आणि बोली आमच्याच बाजूची, कृष्णाकाठची. त्यातल्या एकाचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला टिकली. तो एकदम थबकला, मागच्याला कोपराने ढोसलं आणि म्हणाला, “चल रं भाईर. बायामाणसं हायती हितं.”

आणि ते सगळे खाली माना घालून निघून गेले.

ओट्यावर वीस जणी उभ्या होत्या. त्या त्याला दिसल्या नव्हत्या का? माझ्यामुळे त्याला त्याचं घर आठवलं, आई आठवली असेल, बायको आठवली असेल. त्याने मला मान दिला, हे मला कळतं. तो मान मला अंगावर आलेल्या घाणीसारखा वाटला. माझा मान ज्या हिशेबातून आला होता, त्याच हिशेबात त्या वीस जणी बाया नव्हत्या, माणसंही नव्हत्या. मी तिथेच रडले. हे घाबरले, त्यांना वाटलं मी त्यांच्यावर रडतेय.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “तुम्ही आला होतात तेव्हा काय झालं होतं?”

“मी काही केलं नाही.”

“मी ते विचारलं नाही.”

बराच वेळ गेला. मग म्हणाले, “सगळे हसत होते. मीपण हसलो.”

काही केलं नाही ह्यावर माझा विश्वास आहे. काही दिवशी असतो, काही दिवशी नसतो. पण “मीपण हसलो” हे खरं आहे, ते मला नक्की कळतं, आणि मला जास्त लागलंय तेच. तुम्ही विचारता ती खात्री अशी निघाली. ती ऐकण्यासाठी तुम्ही थांबत नाही, म्हणून लिहितेय.

त्या मुलींची कीव आली असं लिहिलं तर तुम्हालाही बरं वाटेल. पण त्यांच्या आयुष्याबद्दल मला एका संध्याकाळीत काय कळणार? घरी आल्यावर वाचलं ते एवढंच: थायलंडमध्ये हा धंदा १९६० पासून कायद्याने गुन्हा आहे. १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना सुटीसाठी तिथे आणायचा करार झाला आणि बारांना भरती आली. ह्या कामाला येणाऱ्या पुष्कळ मुली ईशान्येच्या इसान भागातल्या, भातशेतीवर भागत नाही म्हणून आलेल्या, घरी पैसे पाठवणाऱ्या. बँकॉक म्हटलं की तुम्ही हसता, त्या हसण्यात त्यांचं गाव कुठेच नसतं. पुण्यात बुधवार पेठेत दगडूशेठच्या दर्शनाला आपण सगळे जोडीने जातो. तिथून परत आल्यावर कोणी डोळा मारून विचारत नाही, कशाला गेला होतात म्हणून.

आणि ती रात्र तिथे संपली नाही, हेही सांगायला हवं. आम्ही टुकटुक करून याओवारातला गेलो, चायनाटाउनमध्ये. मध्यरात्र झाली होती आणि रस्ता माणसांनी फुललेला, लहान मुलं मांडीवर घेऊन घरंच्या घरं जेवत होती. गाड्यांवर बायका होत्या, कढया परतत, पैसे मोजत, ओरडून ऑर्डर घेत. पिवळी पताका लावलेला शाकाहारी स्टॉल ह्यांनी शोधला. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून नूडल्स खाल्ल्या, मग नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा. आमच्यात बोलणं नव्हतं. तरी सांगते, मला तिथे फार आनंद झाला. रात्री बारा वाजता रस्त्यावर निवांत बसून, घड्याळ न बघता, मी आयुष्यात पहिल्यांदा जेवत होते. तासाभरापूर्वी रडलेली बाई इतकी खूष कशी, हे मलाही जुळवता येत नाही. त्याच शहराच्या एका रस्त्यावर मला बाई असल्याची चीड आली, आणि दुसऱ्या रस्त्यावर बाई असून मी मोकळी होते.

निघण्याआधीची मी आज समोर आली तर म्हणेल, गेलीसच कशाला, न कळता बरं चाललं होतं. तिला माझ्याकडे उत्तर नाही. बरं चाललं होतं हे खरंच आहे. पण आता हे घरी येऊन मित्रांच्या ग्रुपवरचा एखादा विनोद वाचतात तेव्हा वाचता वाचता थांबतात, माझ्याकडे बघतात. ते माझ्या भीतीने की स्वतःच्या काही वाटण्याने, ते मी विचारलेलं नाही.

ह्या वर्षी टार्गेट पुन्हा पूर्ण झालंय. कंपनीची टूर व्हिएतनामला आहे आणि हे जाणार आहेत. मी जा म्हटलेलं नाही, जाऊ नका असंही नाही. परत आल्यावर काय काय केलंत हे कोणाला विचारायचं असेल, तर ते दुकानात सकाळी दहापासून असतात.