अपडेट कधी येणार हे चिपवाला ठरवतो

गुगलने ऑक्टोबर २०२१ मध्ये अँड्रॉइडचं १२ वं व्हर्जन काढलं. त्याच महिन्यात फेअरफोन ४ लोकांच्या हातात पडायला लागला, तो अँड्रॉइड ११ घेऊन, आणि त्याला १२ मिळालं २०२३ च्या सुरुवातीला. तोपर्यंत गुगलचं १३ येऊन सुद्धा काही महिने झाले होते. माझ्याकडे हाच फोन आहे, तेव्हाही होता, आणि या सगळ्या वाट बघण्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण लोक "कंपनी छोटी आहे, आळशी आहे" एवढं म्हणून विषय संपवतात आणि खरी गोष्ट, म्हणजे फोनमधली मुख्य चिप बनवणाऱ्याचा त्यातला हात, बाजूलाच राहते.

ज्यांना फेअरफोन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही ॲम्स्टरडॅमची कंपनी. २०१० मध्ये एक मोहीम म्हणून सुरुवात झाली, काँगोमधल्या खाणींतून निघणारं कथील, टँटलम, टंगस्टन, सोनं हे आपल्या फोनमध्ये कसं येतं आणि त्या पैशावर तिथे कोण बंदुका विकत घेतं हे लोकांना सांगायची मोहीम. मग त्यांना वाटलं की नुसतं सांगून काय होणार, फोनच बनवून दाखवू, आणि २०१३ मध्ये कंपनी झाली. चीनमधल्या ज्या कारखान्यात फोन जोडला जातो तिथल्या कामगारांना प्रत्येक फोनमागे बोनस देतात, कोबाल्टच्या खाणीत पोरं राबू नयेत म्हणून काँगोत कोल्वेझीला काम चालू आहे, आणि फोन साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडता येतो. मी इथे नेदरलँड्समध्येच राहते, ॲम्स्टलवीनला, त्यामुळे पार्ट मागवणं सोपं आहे. बॅटरी नखाने मागचं झाकण काढून बदलता येते, त्याला दुकानात जावं लागत नाही.

आता माझ्या दृष्टीने मुद्दा असा की खाणीतल्या माणसाला न्याय द्यायचा तर सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फोन जास्त वर्षं वापरणं. फोन बनवतानाच बहुतेक कार्बन हवेत जाऊन बसलेला असतो आणि जे खोदायचं ते खोदून झालेलं असतं, म्हणजे एक फोन आठ वर्षं टिकला तर मधले दोन-तीन फोन बनवायलाच लागत नाहीत. आणि वस्तू म्हणून फोन टिकवणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. पुण्यात बुधवार पेठेत कुठलाही फोन नेऊन द्या, स्क्रीन म्हणा चार्जिंगचा पोर्ट म्हणा, ती मुलं हातोहात बदलून देतात. पण सॉफ्टवेअर जुनं झालं, की त्या मुलांच्या हातात काही नाही. फोन तिथे मरतो.

फेअरफोन १ तसाच गेला. त्यात मीडियाटेकची चिप होती, अँड्रॉइड ४.२ होतं, आणि त्या चिपचा पूर्ण सोर्स कोड, म्हणजे तिच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, कंपनीकडे नव्हता. त्यांनी पुढच्या व्हर्जनसाठी बराच काळ धडपड केली, जमलं नाही, आणि २०१७ मध्ये जाहीर करून टाकलं की आता यापुढे काही होणार नाही. लोकांचे फोन चालू होते, म्हणजे वस्तू म्हणून चांगले चालू होते, हे मला अजून टोचतं.

फेअरफोन २ ची गोष्ट मात्र मी कोणालाही न थकता सांगू शकते. २०१५ चा फोन, स्नॅपड्रॅगन ८०१ चिप, सोबत अँड्रॉइड ५. ती चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने तिचा सपोर्ट अँड्रॉइड ६ नंतर बंद केला, म्हणजे ७ साठी लागणारे ड्रायव्हर (अँड्रॉइडला चिपशी बोलता यावं म्हणून लागणारे प्रोग्राम) ते देणारच नव्हते, आणि बाकीच्या कंपन्यांनी त्या चिपचे आपापले फोन बहुतेक तिथेच सोडून दिले. यांनी नाही सोडले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइड ७ दिलं, मग ८ गाळून थेट ९ वर उडी मारली, लिनिएजओएस नावाचं अँड्रॉइडचंच मोफत रूप बनवणाऱ्या हौशी डेव्हलपर लोकांनी जे काम आधीच करून ठेवलं होतं त्याचा आधार घेतला, गुगलच्या चार लाखांवर टेस्ट पास केल्या आणि मार्च २०२१ मध्ये ते अधिकृत अपडेट म्हणून लोकांच्या फोनवर पाठवलं. चिप बनवणाऱ्याने हात वर केल्यावर! पुढे १० पण दिलं. शेवटचं अपडेट मार्च २०२३ मध्ये, म्हणजे सात वर्षं झाली. आता अँड्रॉइड ९ गुगलने काढलं होतं ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे अडीच वर्षं उशीर झाला असं कोणी म्हणेल आणि ते खरंच आहे, पण त्या वयाच्या दुसऱ्या फोनांना ते कधीच मिळालं नाही, मग उशीर नक्की कोणाचा?

अपडेट येतं कसं ते सांगते, म्हणजे कळेल. गुगल आपला कोड उघडा करतं. मग तो चिपवाल्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा क्वालकॉमकडे, तिथे मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग), ग्राफिक्स, कॅमेरा यांचे ड्रायव्हर नवीन व्हर्जनला जुळवले जातात आणि ते पॅकेज फोन कंपनीला मिळतं. या ड्रायव्हरचा कोड उघडा नसतो, आत काय आहे ते फोन कंपनीलाही पूर्ण दिसत नाही. मग फोन कंपनी त्यावर आपला कॅमेरा, फिंगरप्रिंट सेन्सर, सगळं परत बसवून बघते, मग गुगलच्या टेस्ट, मग युरोपातल्या मोबाइल ऑपरेटर लोकांची मंजुरी, आणि मग हळूहळू थोड्या थोड्या फोनवर सोडायचं. वर्षाला कोट्यवधी फोन विकणाऱ्या कंपनीने चिपवाल्याला फोन केला तर तो उचलतो. लाखभर फोन विकणाऱ्याला रांगेत थांबावं लागतं. २०१७ मध्ये गुगलने अँड्रॉइड ८ बरोबर ट्रेबल नावाची रचना आणली, ज्यात चिपचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळे केले, त्यामुळे बराच फरक पडला, पण रांग काही संपली नाही.

दादा पुण्याहून दर व्हिडिओ कॉलला विचारतो, "अगं, जवळजवळ सहाशे युरो देऊन जुनंच अँड्रॉइड वापरतेस?" त्याला मी एवढंच म्हणते की दादा, नवीन व्हर्जनमध्ये काय असतं सांग, आयकॉन गोल झाले, नोटिफिकेशनचा रंग बदलला, तुला तरी आठवतंय का मागच्या वेळी काय नवीन आलं होतं ते. त्याला नाही आठवत, मलाही नाही.

पण सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या छोट्या अपडेटची, गोष्ट वेगळी आहे आणि इथे मी कोणाचीच बाजू घेत नाही. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचा बग सापडला, नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये घुसता येत होतं, त्यानंतर गुगलने दर महिन्याला पॅच काढायला सुरुवात केली. सेटिंगमध्ये जाऊन बघा, "सिक्युरिटी पॅच लेव्हल" म्हणून एक तारीख दिसेल, १ किंवा ५. साधारण असं की १ तारखेच्या पॅचमध्ये अँड्रॉइडमधल्या दुरुस्त्या असतात, आणि ५ तारखेच्या पॅचमध्ये त्यासोबत चिपच्या आणि ड्रायव्हरच्या पण. नवीन व्हर्जन वर्षभर उशिरा आलं तरी मी थांबेन, मजेत थांबेन. पॅच दोन-तीन महिने मागे राहायला लागले तर मात्र ते चालवून घेऊ नये, फोन कितीही चांगल्या मनाने बनवलेला असला तरी. खाणकामगाराची काळजी घेणाऱ्याने फोन वापरणाऱ्याचीही घ्यायला हवी, दोन्ही एकाच कामात येतं असं मला मनापासून वाटतं.

यावर लोक म्हणतात की मग सरळ लिनिएजओएस टाक, किंवा तसंच दुसरं ई ओएस टाक, फेअरफोनचा बूटलोडर, म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर टाकू न देणारं कुलूप, उघडायला कंपनी आडकाठी करत नाही. खरंय, आणि हे लोक फुकटात जे काम करतात त्याला तोड नाही. पण चिपवाल्याने एकदा सपोर्ट बंद केला की ते मुख्यतः १ तारखेचा भागच दुरुस्त करू शकतात, मोडेमच्या आतलं बंद कोडचं सॉफ्टवेअर जसं आहे तसंच राहतं, आणि सेटिंगमध्ये दिसणारी ताजी तारीख अर्धीच खरी असते. शिवाय बँकांची ॲप. आईच्या साताऱ्याच्या खात्यावर माझं पण नाव आहे, त्या बँकेच्या ॲपने माझ्या जुन्या फोनला अँड्रॉइड जुनं म्हणून आधीच नकार दिला होता आणि वेगळी ओएस टाकली तर फोन सुरक्षित नाही म्हणून परत नकार. आईच्या औषधांचे पैसे पाठवायचे असतात तेव्हा तत्त्वाच्या गोष्टी करून चालत नाही, चालणारं ॲप लागतं.

फेअरफोन ५ मध्ये त्यांनी जे केलं ते मला म्हणूनच फार आवडलं. २०२३ मध्ये त्यांनी नेहमीची मोबाइलची चिप घेतलीच नाही, क्वालकॉमचीच पण कारखान्यातल्या मशीनसाठी बनणारी क्यूसीएम६४९० घेतली, कारण त्या चिपांचा सपोर्ट मुळातच जास्त वर्षांचा असतो. कॅमेऱ्याच्या फोटोत थोडं कमी-जास्त झालं असेल, पण २०३१ पर्यंत अपडेटचा शब्द त्यांना देता आला. २०२५ च्या सहाव्या फोनला तर २०३३ पर्यंतचा शब्द आहे.

आणि आता युरोपात कायदाही आलाय. २० जून २०२५ पासून लागू झाला, त्यात फोनची विक्री थांबल्यावर पाच वर्षं अपडेट द्यायची, सिक्युरिटीचं अपडेट कोड जाहीर झाल्यापासून चार महिन्यांत आणि व्हर्जनचं सहा महिन्यांत. चार महिने मला जास्तच वाटतात, पण निदान आकडा कागदावर आला. मात्र यात एक मोठं भगदाड आहे. जबाबदारी सगळी फोन बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर टाकलीय, चिप बनवणाऱ्याचं त्यात नावच नाही. मोठ्या कंपन्या आपल्या वजनावर चिपवाल्याकडून हवं ते काढून घेतील, अडकतील ते छोटेच, आणि फेअरफोनसारखी एखादी कंपनी उद्या काढायची कोणाला इच्छा झाली तर त्यांनाही पहिल्या दिवसापासून हाच डोंगर. चिप विकतानाच ड्रायव्हर किती वर्षं देणार ते लिहून द्या, नाहीतर सपोर्ट संपल्यावर कोड उघडा करा, एवढं कलम त्या कायद्यात पुढच्या दुरुस्तीत यायला हवं.