ब्रशचं अ‍ॅप नको, व्यायामाचा टायमर घ्या

ब्रश करायला लावणारी बहुतेक अ‍ॅप्स चार-पाच वर्षांच्या पोरांसाठी केलेली असतात. राक्षस पळतो, ससा टाळ्या वाजवतो, शेवटी फुगे फुटतात. मिसरूड फुटलेल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासमोर ते धरायचं म्हणजे त्याचा अपमानच. बोलत नसला तरी आपल्याला कुक्कुलं बाळ समजतायत, हे त्याला कळू शकतं. पण याहून मोठी अडचण वेगळीच आहे. साधी ब्रशिंग अ‍ॅप्स फक्त वेळ मोजतात. ब्रश तोंडात कुठे फिरतोय याचा त्यांना पत्ता नसतो. दोन मिनिटं पुढचेच सहा दात घासले तरी ससा टाळ्या वाजवतो आणि दाढा कोरड्या राहतात. त्यात बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी कायमची दाढ येते, तीही पार मागे, जिथे ब्रश सहसा जातच नाही.

म्हणून सुचवते ते इंटरव्हल टायमर. व्यायाम करणारी मंडळी 'तीस सेकंद पळा, दहा सेकंद थांबा' यासाठी वापरतात तो. फुकट मिळतो. प्रत्येक टप्प्याला नाव आणि रंग देता येईल असा निवडायचा, आणि मधेच जाहिरात येत नाही ना, हे आधी दोन-चारदा चालवून बघायचं. असं अ‍ॅप घरातल्या दादाच्या फोनवरही असू शकतं, त्यामुळे ते 'माझ्यासाठीचं खास' वाटत नाही. हे फार मोलाचं.

आता मांडणी. वरच्या जबड्याचे तीन भाग: उजव्या दाढा, पुढचे दात, डाव्या दाढा. खाली तसेच तीन. प्रत्येक भागाची एक बाहेरची बाजू, एक आतली. झाले १२ टप्पे, प्रत्येकी १० सेकंद, म्हणजे १२० सेकंद. शेवटी चावायच्या बाजूंचे ४ टप्पे, प्रत्येकी ५ सेकंद. नावं मराठीत आणि छोटी: 'वर उजवा बाहेर', 'खाली डावा आत'. आतल्या बाजूंनी उमासे येतात, त्या उत्तरार्धात ठेवा. क्रम कुठलाही चालेल, पण एकदा ठरला की आई, बाबा, आजी आणि शाळेतल्या ताई, सगळ्यांनी तोच पाळायचा.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: दोन टप्प्यांमध्ये मोकळी जागा ठेवलेली नसते. ब्रश उचलून दुसऱ्या बाजूला न्यायचा, मनगट वळवायचं, ओठ सैल सोडायचे, याला अनेक मुलांना तीन-चार सेकंद लागतात. टायमर थांबत नाही. चौथ्या टप्प्यापर्यंत पडद्यावर 'डावा' आणि हातात अजून 'उजवा' अशी गत होते, आणि नियम काटेकोर पाळणारा मुलगा तिथेच बिथरतो. आपल्याला वाटतं, ब्रश आवडत नाही. खरं तर तो मागे पडलेला असतो. प्रत्येक टप्प्यानंतर ३ सेकंदांचा 'ब्रश हलव' टप्पा राखाडी रंगात घाला.

पहिल्याच दिवशी १० सेकंद लावू नका. २ सेकंदांनी सुरू करा. मग राखाडी टप्पे सोडले तर सगळं घासणं साधारण अर्ध्या मिनिटात उरकतं, पण 'संपलं' हे दिसतं आणि त्यावर विश्वास बसतो. सलग तीन दिवस विरोध न होता पार पडलं की १ सेकंद वाढवायचा, तोही आदल्या दिवशी पडद्यावर दाखवून. तोवर रात्रीचं उरलेलं घासणं मोठ्या माणसाने करायचं: मागे उभं राहून, आरशात बघत, त्याच्या हाताखाली आपला हात ठेवून. हात वरून दाबून धरू नये.

व्हिडिओ दाखवून शिकवायचं असेल तर तयार व्हिडिओ शोधत बसू नका, घरच्या बेसिनपाशी घरचाच ब्रश घेऊन काढा. एका टप्प्याचा एक, २० सेकंदांच्या आत, शब्द जवळजवळ नाहीत. समोरून काढलेल्या व्हिडिओत डावं-उजवं उलटं दिसतं, आणि मुलगा दिसेल तसंच करतो. म्हणून आरशातलं प्रतिबिंब काढा, किंवा ब्रश करणाऱ्याच्या खांद्यावरून.

फोनचंही थोडं बघावं लागतं. झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून डोळ्यांच्या उंचीवर, आरशाच्या शेजारी. फ्लाइट मोड लावा, नाहीतर 'खाली डावा आत' चालू असताना मावशीचा फोन येतो. आयफोनमध्ये गाइडेड अ‍ॅक्सेस असतो: सेटिंग्जमध्ये एकदा चालू करून ठेवला की बाजूचं बटण तीनदा दाबल्यावर तेच अ‍ॅप उघडं राहतं. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप पिनिंग तेच काम करतं. घंटीचा आवाज टोचत असेल तर नुसता रंगबदल पुरे. 'सलग इतके दिवस' मोजणारी सोय बंद करा. तापाच्या एका दिवसाने आकडा शून्यावर आला की त्या दुःखात आठवडा जातो.

पेस्टचा प्रश्न मात्र अ‍ॅप सोडवू शकत नाही. पुदिन्याची चव काहींना अक्षरशः भाजते, फेस घशाशी आला की गुदमरल्यासारखं होतं. सौम्य चवीची, कमी फेसाची पेस्ट शोधा, वाटाण्याएवढीच घ्या. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) असतं. काही आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते मुळीच नसतं, तेव्हा ट्यूबवरचं बारीक वाचा. थुंकल्यावर खळखळून चूळ भरायची गरज नाही.

बोलत नसलेल्या मुलाकडे 'थांब' म्हणायची सोय हवीच. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांचं अ‍ॅप, चित्रावर बोट ठेवलं की मुलाच्या वतीने बोलतं, मराठीतही. पण एका फोनवर एका वेळी टायमर तरी दिसेल नाहीतर चित्रं. त्यामुळे 'थांब' आणि 'दुखतंय' अशी दोन कार्डं लॅमिनेट करून बेसिनला चिकटवा. त्याने कार्डाला हात लावला की खरोखर थांबा, नाहीतर कार्ड निरुपयोगी.

जमायला लागलं की टायमर हळूहळू काढून घ्यायचा: आधी राखाडी टप्पे, मग नावं, मग रंग, शेवटी फक्त संपल्याची घंटी. काहींना तो कायमचा लागतो. लागू दे, आपणही गजर लावूनच उठतो.

आणि महिनोन्‌महिने सुरळीत चाललेलं असताना मुलगा अचानक एकाच टप्प्यावर तोंड फिरवू लागला, गार पाणी नको म्हणू लागला, किंवा गालावर मारून घेऊ लागला, तर बक्षीस वाढवू नका. त्या टप्प्याचं नाव कागदावर लिहा आणि दातांच्या डॉक्टरांना तेच सांगा: 'वर डावा आत'. नेमकी जागा सांगू न शकणाऱ्या मुलाच्या तोंडात कुठून बघायला सुरुवात करायची, हे त्यांना तेवढ्यावरून कळतं.