इगुआना फक्त साहेबालाच दिसतात
आज अमळनेरात ऊन असं की उंबरठ्याबाहेर पाय टाकायची सोय नाही. म्हणून कूलरसमोर बसून आतेभावासोबत वर्नर हर्झॉगचा 'बॅड लेफ्टनंट: पोर्ट ऑफ कॉल न्यू ऑर्लिन्स' (२००९) पाहिला.

कतरिना वादळात बुडत्या कोठडीतल्या कैद्याला वाचवताना पोलीस झालेल्या निकोलस केजची पाठ जाते. मिळतं काय? बढती, आणि वेदनाशामक गोळ्या. गोळ्यांवरून गडी थेट जप्तीतल्या ड्रग्जवर येतो! एका स्थलांतरित कुटुंबाच्या खुनाचा तपासही हाच करतोय, तोही बरा करतोय, हे जास्त छळतं. एक खांदा चढवून, पुढे पिस्तूल खोचून तो वाकडा चालतो तेव्हा हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते. टेबलावरचे इगुआना तर फक्त त्यालाच दिसतात. हर्झॉग त्या सरड्यांकडे इतका वेळ निवांत बघत बसतो की खून कुणाचा, तेच आपण विसरतो. मला तर तोच भाग सगळ्यात आवडला.

आतेभाऊ मात्र वैतागला. "भो, हाऊ पोलीस शे का येडा?"

म्हटलं, दोन्ही. शेवट सांगितला नाही, कारण तोवर आत्याने शेवभाजीला हाक मारली होती आणि हा अर्धा पिक्चर सोडून उठला. उरलेला रात्री बघणार म्हणतो.