दुनळी घरात ठेवायची तर

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि शेतवस्त्यांवर परवान्याची म्हणून जी बंदूक असते, ती बहुधा बारा बोरची दुनळी. चालवून ती फारशी बिघडत नाही. बिघडते पडून पडून.

कातडी खोळीत घालून कपाटावर ठेवणे सगळ्यात वाईट. खोळ ओल धरते. मराठवाड्यात कोकणासारखी दमट हवा नाही हे खरे, पण परतीचा पाऊस आणि त्याच खोलीत रचलेली युरियाची पोती एवढे गंज चढायला पुरते. खत हवेतले पाणी ओढून घेते आणि ती ओल लोखंड खाते. बंदूक खताच्या खोलीत नको, खोळीतही नको. कुलपाच्या लोखंडी कपाटात ठेवा, काडतुसे वेगळ्या कुलपात. नळीचे तोंड खाली करून ठेवली तर जादा तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. मुरले की सांध्याजवळचे लाकूड मऊ पडते आणि पुढे चिरते.

साफ करताना आधी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर वाकवून, दोन्ही घरे (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) रिकामी आहेत ना ते बघा, मग नळ्या सुट्या करा. गज काडतुसाच्या बाजूने घालून तोंडाकडे काढायचा: आधी पितळी ब्रश, मग कोरडी चिंधी, शेवटी तेलाचे एक-दोन थेंब लावलेली चिंधी. खोबरेल वापरू नका, ते चिकट होऊन बसते. तेलही चोपडायचे नाही, कारण उन्हाळ्यातली धूळ तेलात कालवली की कळांमध्ये पॉलिश पेपरचे काम करते.

नळी उजेडाकडे धरून आरपार बघायची सवय मात्र सोडू नये. कुंभारीण माशी नळीत मातीचे घर करते. चिंधीचा बोळा राहिला असला तरी तेच. अडथळ्यामागून बार निघाला की नळी फुगते किंवा फुटते.

काडतुसांची गफलत याहून भयंकर. बोरचा आकडा मोठा तितके काडतूस बारीक, म्हणून 20 बोरचे काडतूस बारा बोरच्या घरात टाकले तर घरंगळत पुढे जाऊन नळीत अडकते. घर रिकामे दिसते, माणूस मागून बारा बोरचे भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते ती बरोबर डावा हात असतो तिथे. दोन बोरची काडतुसे एका खिशात, एका डब्यात कधीही ठेवू नयेत. दुसरी गोम लांबीची. जुन्या बंदुकांचे घर पुष्कळदा 65 मिमीचे असते. 70 मिमीचे काडतूसही त्यात बिनदिक्कत बसते, कारण 70 ही उडाल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याची लांबी. उलगडायला जागा मिळाली नाही की दाब वाढतो. नळ्या सुट्या केल्यावर खालच्या सपाट भागावर 65 किंवा अडीच इंच असे कोरलेले आहे का बघा आणि खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसे घ्या की आणखी कुठली, खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्या.

आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश येतो. 2024 साली लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. मालखान्यात बंदुकीला कुणी तेल लावत नाही, म्हणून त्या एका वेळी नेहमीपेक्षा जाड हात मारून द्या. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या स्वतः वाचा, दस्त्यावरचे जुने ओरखडे दिसतील असे फोटो काढून ठेवा. परत घेताना तिथेच नळीतून बघा.

रानडुकराने ज्वारी लोळवली म्हणून परवाना आहेच, उडवा, असे होत नाही. वनखात्याची लेखी परवानगी लागते. विहिरीवरची मोटार घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर बार काढणे स्वसंरक्षणात बसत नाही. वरातीत हवेत बार काढला तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवली, वारशाने आलेले धरून, आणि परवाना पाच वर्षांचा केला. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी टाका.

परवानाधारक गेला की परवानाही संपतो. बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यायची, आणि वारस 21 वर्षांचा असेल तर त्याने स्वतःच्या नावाने नवा अर्ज करायचा. माळवदावरच्या अडगळीतली निजामाच्या काळातली ठासणीची बंदूकही नुसती जुनी म्हणून परवान्यातून सुटत नाही. सुटायला ती दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशीच असावी लागते.