काळे दगड, लाल कस

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका वाडीवर विहिरीची पाहणी करायला गेलो होतो. माझं काम भूजलाचं. मे महिना, जांभ्याचा सडा नुसता तापलेला. काकांची विहीर पंचवीस फुटांवर शेडीत, म्हणजे जांभ्याखालच्या चिकणमातीत, अडकली होती. पण त्यांनी मला विहिरीवर न्यायच्या आधी पडवीत बसवलं आणि गोणपाटातून तीन दगड काढून पुढ्यात ठेवले.

"सायबानू, ह्यां मँगनीज आसा काय?"

रेडीच्या लोहखनिजाच्या खाणी याच तालुक्यात, त्यामुळे काळा जड दगड दिसला की इथल्या माणसाच्या मनात काय येतं ते कळत होतं. कुणा दलालाने तपासणीचे पंधरा हजार मागितले होते. काका पैशांची जुळवाजुळव करत होते. ते ऐकून मी पिशवी खाली ठेवली. विहीर तासभर थांबणार होती.

दगड घासून रेघेचा रंग बघायची कसपट्टी जवळ नव्हती. न्हाणीघरातला फुटक्या पांढऱ्या टाइलचा तुकडा मागवला आणि उलटा केला. मागची बिनझिलईची खरबरीत बाजू या कामाला पुरते. सोनार कसोटीवर सोनं घासून बघतो, तसंच हे; खनिजाच्या भुकटीच्या रंगालाही आपण कसच म्हणतो.

पहिला दगड पोलादासारखा चकाकत होता. नुसत्या नजरेनं मी मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज, म्हणालो असतो. टाइलवर दाबून ओढला आणि काका पुढे सरकले. रेघ लाल उठली होती, वाळलेल्या रक्तासारखी. काळ्याभोर दगडातून लाल रेघ! इतकी वर्षं बघतोय, तरी त्या क्षणी अजूनही हरखतो. अखंड दगडाचा पृष्ठभाग उजेड परतवतो म्हणून तो काळा-करडा दिसतो. बारीक भुकटीतून उजेड आरपार जातो आणि खनिजाचा अंगचा रंग उघडा पडतो. चुंबक लावला, चिकटला नाही. हेमॅटाइट, हेही लोहखनिजच. खात्रीसाठी काट्याला सुतळीनं टांगला : हवेत 420 ग्रॅम, बादलीतल्या पाण्यात बुडवून 336. म्हणजे 84 ग्रॅमची घट; 420 ला 84 नं भागलं की विशिष्ट गुरुत्व 5, म्हणजे दगड पाण्याच्या पाचपट जड. साधा काळा पाषाण तीनच्या आसपास भरतो.

दुसऱ्याचा कस पिवळट तपकिरी, हळदीत कात कालवल्यासारखा. गोएथाइट, आणखी एक लोहखनिज.

तिसऱ्यानं घासायच्या आधीच बोटं काजळीसारखी काळी केली. रेघही काळीच. मॅग्नेटाइटचा कसही काळाच असतो, पण या दगडाला चुंबक दाद देईना. काकांचा अंदाज या एका दगडापुरता खरा होता : मँगनीजचं ऑक्साइड, बहुधा पायरोलुसाइट.

त्यांचा चेहरा उजळला आणि पुढचं सांगणं मला जड गेलं. जांभ्याच्या मुलखात असे गोळे सापडतात. मुठीएवढ्या तुकड्यावरून खाण ठरत नाही. धातूचं प्रमाण रासायनिक तपासणीतच कळतं, आणि जमीन स्वतःची असली तरी सरकारी खाणपट्ट्याशिवाय हे खनिज काढता येत नाही. दलालाला एक रुपयाही देऊ नका, हे मी दोनदा बजावलं.

काका काही बोलले नाहीत. टाइल मांडीवर घेऊन त्यांनी तिन्ही दगड पुन्हा एकेक करून ओढले. लाल, पिवळी, काळी. सावकाश, प्रत्येक रेघ बोटानं पुसून बघत. मग दगड गोणपाटात बांधले, टाइल मात्र खिशात घातली आणि उठले.

"बरां. मग पाणी खंय गावतलां?"

आम्ही विहिरीकडे निघालो.