झेलम बंद, मिश्री बंद

ग्वाल्हेर, १८ एप्रिल २०२०

टीव्हीवर आजही दारूचीच चर्चा. कोरोनाच्या लॉकडाउनमध्ये दारूचे ठेके बंद झाल्यावर केरळात काहींनी जीव दिला, तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचं ठरवलं, २ एप्रिलला हायकोर्टाने ते थांबवलं. हे तंबाखू मळत म्हणाले, "व्यसन वाईटच." त्या वेळी आतल्या खोलीत आई कपाळाला फडकं आवळून भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

सासूबाईंची मिश्री, म्हणजे हिरड्यांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड, संपलीय. माहेर सांगलीकडचं. लग्न होऊन इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आल्या त्याला साठेक वर्षं होतील, पण मिश्री अजून तिकडचीच लागते. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने कोणी ना कोणी येत असतं, त्याच्या पिशवीत चिवड्याच्या डब्याखाली पुडी ठरलेली. मार्चमध्ये गाड्याच थांबल्या. त्यांनी डबी खरवडून खरवडून एप्रिल गाठला, इतकंच.

पहाटे उठून मागच्या पायरीवर बसायचं, डाव्या तळव्यावर चिमूट घ्यायची, उजवं बोट हिरड्यांवरून सावकाश फिरवायचं. तोवर चहा नाही, बोलणं नाही. मग चूळ, मग परसाकडे. आता पहाटे त्या नुसत्याच पायरीवर बसतात, बोट पदराला पुसत राहतात. झोप नाही, पोट साफ नाही. परवा नातवाने पाण्याचा तांब्या जरा आपटून ठेवला तर त्याच्या सात पिढ्या काढल्या (म्हणजे स्वतःच्याच!). आमचे डॉक्टर फोनवर म्हणाले, तंबाखूच ना ती, हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं. पहिले काही दिवस फार त्रास होईल, मग दोन-चार आठवड्यांत ओसरेल. पण आई गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. काल दुपारी यांची पुडी पळवून तव्यावर भाजायला घेतली. तंबाखूच्या पानाची मिश्री घरी भाजलेली मी पाहिलीय. ही चुना लावून खायची तंबाखू, हिने असा धूर केला की सगळं घर खोकायला लागलं. सध्या आमच्या माधवगंजात खोकणं म्हणजे काय, ते सांगायला नको. समोरच्या गच्चीवरून लगेच, "भाभीजी, सब ठीक है न?" मी नाकाला पदर लावून ओरडले, "मिर्ची जल गई!" तवा दोनदा घासला तरी संध्याकाळच्या पोळीला वास होताच.

आई मात्र चिमूट लावून अर्धा तास शांत होत्या.

यांना पुडी मिळते, हे विशेष. १५ तारखेला केंद्राने गुटखा-तंबाखूच्या विक्रीवर आणि रस्त्यात थुंकण्यावर बंदी घातली, तरी गल्लीतल्या टपरीवाल्याच्या घरून पाचपट भावात येते. यांच्या तलफेसाठी वाट निघते. आईंच्या डोकेदुखीला मात्र घरात सगळे "वय झालं" म्हणतात. २०१६-१७च्या सरकारी पाहणीत देशातल्या बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बायका २ टक्के होत्या आणि तंबाखू खाणाऱ्या किंवा हिरड्यांना लावणाऱ्या १२.८ टक्के. एवढ्या बायका, पण टीव्हीवरच्या चर्चेत एकही नाही. मला तर वाटतं, व्यसन पदराआड असलं आणि स्वयंपाक वेळेवर झाला की त्याला आपण सवय म्हणून सोडून देतो. आईंच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. तो मी दिवाळीपासून सगळ्यांना सांगतेय. आता तर दातांचे दवाखानेही बंद.

यांच्या पुडीवर सडक्या तोंडाचं चित्र आणि खाली तंबाखू सोडवायचा नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. आईंच्या मिश्रीच्या कागदावर असलं काहीच नसे, वर्तमानपत्राचा तुकडा तो. नंबर मी कालनिर्णयवर लिहून ठेवला. आईंना म्हटलं, बोलाल का? तर म्हणे, "अगं, परक्या माणसाला फोनवर सांगू, की मला परसाकडं होत नाही?" मग म्हटलं, मी बोलते, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. त्यावर हो नाही, नाही पण नाही. मंगळवारी लावून बघते. तोवर रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, आणि यांची पुडी माझ्या कपाटात, कुलपात. यांनी दुपारपासून अबोला धरलाय.