मनीच्या कलानं

रविवार, रात्री

आज मनीची दोन नखं कापून झाली. दोन्ही पुढच्या उजव्या पायाची, आणि त्यातलं एक आतल्या बाजूचं, अंगठ्याच्या जागेवरचं. बाकीची राहिली तर राहू देत. त्या एका नखाची मात्र मला धास्ती होती.

हे आतलं नख जमिनीला टेकत नाही, ओरबाडतानाही ते इतर नखांइतकं वापरात येत नाही. वाढत गेलं की गोल वळतं आणि शेवटी त्याचं टोक पंजाच्या गादीत रुततं. केसांच्या आड असल्यामुळे मांजर लंगडेपर्यंत, नाहीतर तिथे पू होईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. मनी तेरा वर्षांची आहे. तरुण मांजरं कशाला तरी ओरबाडून नखांवरची जुनी टरफलं स्वतःच काढून टाकतात. मनीचं ओरबाडणं अलीकडे बरंच कमी झालंय, त्यामुळे टरफलावर टरफल साचून नखं जाड झाली आहेत. पूर्वी ती पूर्ण आत जायची, आता फरशीवर चालली की टकटक ऐकू येते. म्हणून तिच्या म्हातारपणी हे काम टाळून चालणार नाही, तिला कितीही नको असलं तरी.

आणि तिला ते अगदी नको असतं.

मानगूट धरा आणि एका दमात सगळी उरकून टाका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. पिल्लाला आई मानेला धरून उचलते ते वेगळं. मोठं मांजर मानगूट धरल्यावर गप्प पडतं तेव्हा ते बहुतेक वेळा घाबरलेलं असतं, कबूल झालेलं नसतं. टॉवेलमध्ये गुंडाळून एकेक पाय बाहेर काढायची पद्धत काही मांजरांना मानवते. मनीला पांघरूण अंगावर आलेलंही सहन होत नाही, तर तिच्यासाठी तो मार्ग नाही. तिचा पंजा तिच्यासाठी काय आहे ते आठवलं की मला तिच्या चिडण्याचं नवल वाटत नाही. गाद्यांमध्ये स्पर्श ओळखणारी मज्जातंतूंची टोकं दाटीनं असतात, मनगटाच्या मागे मिशांसारखे जाड केस असतात, झाडावर चढणं, पळणं, स्वतःला वाचवणं सगळं त्याच पंजावर. तो कुणी मुठीत धरला म्हणजे ती अडकली.

म्हणून आमचं सगळं कलाकलानं चाललंय. आधी नुसता खांद्यावरून हात, मग कोपर, मग पंजावर बोट ठेवून लगेच काढून घेणं आणि आवडीचा खाऊ. पुढे बोटाला वरून आणि खालच्या गादीकडून हलकेच दाबणं. एवढ्यानंच नख म्यानातून सरकून बाहेर येतं, जोर लागतच नाही. नेलकटर बरेच दिवस नुसतंच शेजारी पडून होतं. तिनं ते हुंगलं, त्याला गाल घासला, तेव्हा कुठे मी ते हातात घेतलं. वेळ पोटभर खाऊन सुस्तावल्यानंतरची, खिडकीजवळ, भरपूर उजेडात. समोर बसत नाही, शेजारी बसते, म्हणजे तिला माझं तोंड आपल्यावर रोखलेलं वाटत नाही.

तिची नखं फिकट आहेत हे आमचं नशीब. उजेडात आतला गुलाबी भाग स्पष्ट दिसतो. तो जिवंत असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. त्याच्या अलीकडे दोनेक मिलिमीटर सोडून फक्त वळलेलं टोक उडवायचं. पातं नखावर वरून खाली चालेल असं उभं धरायचं, दोन्ही बाजूंनी चिमटलं तर जाड नख उभं चिरतं. बोथट पात्याचं मला सर्वांत जास्त भय वाटतं, कारण ते कापण्याआधी चेपतं, आणि रक्त न येताही तो चिमटा तिला दुखतो. कॉर्नफ्लॉवरची वाटी जवळ असतेच. चुकून रक्त आलंच तर ते नखाच्या टोकावर दाबून धरता येतं.

कुठे थांबायचं ते तिची शेपटी सांगते. आधी फक्त टोक हलतं, मग पाठीवरची कातडी लहरते, कान बाजूला वळतात. फिसकारणं फार नंतरचं. मी टोक हलताच हात सोडते. आज दुसऱ्या नखानंतर ते हललं. खाऊ दिला आणि नेलकटर मिटून ठेवलं. 18 नखं एकाच बैठकीत झाली पाहिजेत असं कुठे आहे? पुढच्या पायांची 5-5, मागची 4-4, दिवसाआड एखाददुसरं घेतलं तरी महिनाभरात फेरी पुरी होते.

‘नखं कायमचीच काढून टाक ना’ हा सल्ला आज फोनवर पुन्हा ऐकला आणि जीव कळवळला. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते कायमचं काढायचं म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर छाटायचं. कितीतरी देशांत यावर बंदी आहे, न्यूयॉर्क राज्यानंही 2019 मध्ये बंदी घातली. हे सगळं फोनवर नीट सांगितलं, पुढेही सांगत राहीन.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसले ते. उजवा पाय ती देते, कंटाळली की शेपटी हलवते, मग ओढून घेते. डावा पाय मात्र हात लागताक्षणीच ओढते, शेपटी हलायच्या आधी, काही इशारा न देता. आधी मला तो हट्टच वाटला असता, पण दोन पायांत एवढा फरक हट्टानं पडत नाही. खिडकीत ती हल्ली थेट उडी मारत नाही, खुर्चीवरून जाते. या वयात मांजरांना सांधेदुखी सर्रास असते आणि मांजरं ती लपवतातही. म्हणून डाव्या पायाला डॉक्टरांनी तपासेपर्यंत नेलकटर लावायचं नाही. तिच्या चालण्याचा आणि उतरण्याचा व्हिडिओ काढून न्यायचा, दवाखान्यात ती भीतीनं आखडते आणि काहीच दिसत नाही. म्हाताऱ्या मांजरांत थायरॉईड वाढलं तरी नखं जाड होतात, तर रक्ततपासणीचंही विचारायचं. डावीकडचं आतलं नख आज ती झोपलेली असताना न धरता, नुसतं वाकून पाहिलं. टोक गादीपासून अजून चांगलं लांब आहे. उद्या सकाळी फोन करून वेळ घ्यायची.